आमच्या कॅसेटींची वाटणी आम्हांला मंजूर नाही

'आम्हांला घडवणारे अल्बम' या विषयावरचा परिसंवाद मराठी नियतकालिकांना अधूनमधून सुचत असतो. त्यात येणारी नावे ठरलेली. गीतरामायण, भीमसेनांची अभंगवाणी, लता-हृदयनाथांची भावगीते, अभिषेकीबुवांची नाट्यपदे, आणि लिहिणारा जरा धीट असला तर बीटल्स. अशा परिसंवादात एखाद्या मुसलमान लेखकाला बोलावलेच, तर त्याच्याकडून काय हवे तेही ठरलेले असते. त्याने मेहदी हसनवर लिहावे, बेगम अख्तरवर लिहावे, एखादी कव्वाली आठवावी, अत्तर आणि शीरखुर्म्याचा थोडा वास द्यावा. आमच्यापैकी एकाला एका संपादकाने फोनवर अगदी प्रेमाने सांगितले होते, "तुमच्याकडचं काहीतरी द्या. आमच्याकडचं बाकीचे देतीलच."

आमचे भांडण या 'तुमच्याकडचं' आणि 'आमच्याकडचं'शी आहे. ते एकाच आघाडीवर नाही. आमच्या मोहल्ल्यातही एक जमात अशी आहे, की जिला आमच्या कपाटातल्या कॅसेटी दिसल्या की घाम फुटतो. गाणेबजावणे हे आपले काम नव्हे, ते त्यांचे, असे ती आमच्या पोरांना सांगते. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. पण कॅसेटींच्या फळीपुढे उभे केले की दोघेही एकच काम करू लागतात. हे इकडचे, हे तिकडचे, आणि उरलेले फेकून द्या!

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगून टाकू. आम्ही म्हणजे साधारण १९८० ते २००० या वीस वर्षांत परभणी जिल्ह्यात वाढलेली मुसलमान मुले. तेव्हा हिंगोलीही याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी ती वेगळी झाली. घरात दखनी बोलायची, शाळेत मराठी लिहायची, सकाळी मौलवीसाहेबांपुढे अरबी गिरवायची आणि रात्री पिक्चर हिंदी पाहायचा, असा आमचा कारभार. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे ज्या गावाबद्दल बोलले जाते, त्या गावात संगीताचे क्लास शोधून सापडत नसत. आमचे कान तयार केले ते कॅसेटींनी.

आता ती फळी पाहा. आमच्यातल्या एकाच्या खालाच्या घरी, परभणीच्या स्टेशन रोडला लागून असलेल्या मोहल्ल्यात, शोकेसच्या खालच्या कप्प्यात पन्नास-साठ कॅसेटी होत्या. अजीज नाझांच्या होत्या. १९७४च्या 'फाइव्ह रायफल्स'मधल्या त्यांच्या कव्वालीने पिणाऱ्यांना आणि न पिणाऱ्यांना सारखेच नादी लावले होते. यूसुफ आझाद आणि रशिदा खातून यांचे मुकाबले होते. शकीलाबानो भोपाली होत्या. हैदराबादचे अझीज अहमद खाँ वारसी होते, साबरी ब्रदर्स होते, गुलाम अली होते, जगजित-चित्रा होते. त्यांना खेटूनच प्रल्हाद शिंदे होते. भीमसेन जोशींची अभंगवाणी होती, तिचा कव्हरचा कागद पिवळा पडलेला. रफीसाहेबांनी गायलेल्या मराठी गाण्यांची एक होती. ती खालूंची जीव की प्राण. त्या गाण्यांचे संगीतकार श्रीकांत ठाकरे, म्हणजे शिवसेनाप्रमुखांचे सख्खे भाऊ आणि उर्दूचे जाणकार. आता ही कॅसेट कोणत्या बाजूला ठेवायची, हे वाटणी करणाऱ्यांनीच आम्हांला सांगावे.

कोणी म्हणेल, ही एका हौशी घराची गोष्ट. तसे नाही. सेलूला कापसाच्या अडतीवर हमाली करणाऱ्याच्या घरी कॅसेटी पाच असतील, पूर्णेला रेल्वेत नोकरी करणाऱ्याच्या घरी शंभर असतील. मिसळण मात्र सगळीकडे हीच. आणि या मिसळणीला कोणाचे पुरोगामी विचार कारणीभूत नव्हते. कारण रेल्वे हे होते. निजामाच्या काळात टाकलेली मनमाड-काचीगुडा लाईन परभणीतून जाते. १९९०च्या दशकात ती रुंद होईपर्यंत छोटी गाडीच धावायची. एका टोकाला हैदराबाद, दुसऱ्या टोकाला मनमाड आणि तिथून मुंबई. लग्नाच्या खरेदीला हैदराबादला गेलेली माणसे चारमिनारजवळच्या दुकानांतून बांगड्यांबरोबर वारसींची कव्वाली आणि दखनी मुशायऱ्याच्या कॅसेटी आणायची. मुंबईला गिरणीत, बेकरीत, गॅरेजवर असलेली पोरे ईदला येताना शिंदेंची नवी कॅसेट आणायची. सौदीला गेलेल्या कोणा एकाने टू-इन-वन आणला, की गल्लीची सोय झाली. आमची आवड अशी दोन्हीकडच्या गाड्यांतून उतरली. परभणी मुंबईची नाही आणि हैदराबादची नाही, यावरून आम्हांला मागासलेले म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलाच नाही.

'अल्बम' या शब्दाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. एका कलाकाराचा, एका कंपनीचा, ठरलेल्या क्रमाचा, सुंदर कव्हरचा अल्बम ऐकत वाढणे ही ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांची चैन. १९८०पूर्वी रेकॉर्डच्या बाजारात जवळजवळ एकट्या एच.एम.व्ही.ची मक्तेदारी होती, आणि रेकॉर्ड व ती वाजवणारे यंत्र दोन्ही आमच्या बापांच्या खिशाबाहेरचे. कॅसेटने ती भिंत पाडली. टी-सीरीज आली, व्हीनस आली, गल्लीबोळांतल्या शेकडो लहान कंपन्या आल्या. त्याहून मोठी क्रांती केली कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांनी. (कायद्याने तो गुन्हाच होता. पण त्या गुन्ह्यावर मराठवाड्याची एक पिढी गाणे शिकली, हेही खरे.) को-या सी-नव्वदवर आपण वहीत लिहून दिलेली गाणी दुकानदार भरून द्यायचा. जागा उरली की स्वतःच्या पसंतीचे एखादे टाकायचा, विचारायचा नाही. मेहदी हसनच्या गझलेनंतर अचानक लावणी सुरू व्हायची, ती यामुळे. आम्हांला घडवणारे अल्बम हे असे आहेत. त्यांच्या कव्हरवर बॉलपेनने वेड्यावाकड्या अक्षरांत नावे लिहिलेली आहेत, निम्मी उर्दूत, निम्मी देवनागरीत. त्यांचे संपादन गाण्याच्या दुकानातल्या दहावी नापास पोराने केले. आमच्या मते मराठवाड्यातले ते फार चांगले संपादक होते.

या फळीवरची सर्वांत महत्त्वाची कॅसेट कोणती असे कोणी विचारले, तर आम्ही गझलेचे नाव घेणार नाही. आम्ही प्रल्हाद शिंदेंचे नाव घेऊ, आणि इथेच संपादकमहाशयांची अडचण होणार. प्रल्हाद शिंदे मराठीत विठ्ठलाची आणि गणपतीची भक्तिगीते गाणारे, त्यांच्या आवाजाशिवाय पंढरीच्या वाटेवरचे एक दुकान उघडत नाही. ते बाबासाहेबांची गीते गाणारे. आणि तेच कव्वाल. त्यांची सुरुवातच मुळी इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरस म्हणून झाली. इस्माईल आझाद म्हणजे १९५८च्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीने देशभर गाजलेले. तिथे साथ करता करता शिंदेंचा आवाज घडला. वरच्या पट्टीत थेट जाऊन तिथेच ठाण मांडायचे, टाळीच्या ठेक्यावर शब्द उचलायचा, ओळ फिरवून फिरवून ऐकणाऱ्याच्या छातीत रुतवायची, हे सगळे कव्वालीचे. त्यांचे विठ्ठलाचे गाणे डोळे मिटून ऐका. मग सांगा, ते 'तुमच्याकडचं' की 'आमच्याकडचं'?

आमच्यातल्या कित्येकांच्या अम्मी सकाळी पाणी भरताना शिंदेंचे भक्तिगीत गुणगुणायच्या. त्यांना त्यात शिर्क दिसला नाही. आवाज ओळखीचा होता, उर्साच्या मंडपातला होता. २००४ साली शिंदे गेले, त्याच वर्षी वामनदादा कर्डकही गेले. वामनदादांची गाणी आम्हांला शेजारच्या भीमनगरातून पाठ झालेली. १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस तिथला भोंगा चालू व्हायचा आणि आमची परीक्षा असायची. अभ्यास किती झाला तो झाला. गाणी मात्र आजही येतात.

आंबेडकरी चळवळीने कव्वालीचे काय केले, याची नोंद मराठी संगीताच्या इतिहासकारांनी नीट घेतलेली नाही. श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर, गोविंद म्हशीलकर, ही माणसे मराठीत कव्वाली गात होती. सवाल-जवाब, टाळी, ढोलक, बुलबुलतरंग, सगळा साज तोच. फक्त पीराच्या जागी बाबासाहेब आले आणि उर्दूच्या जागी मराठी. म्हणजे गेली साठ-सत्तर वर्षे कव्वाली हा मराठीतला एक जिवंत गानप्रकार आहे. खेड्यापाड्यांत रात्र रात्र तो ऐकला गेला, तिकीट न लावता. तरी 'मराठी संगीत' म्हटले की नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, लावणी ही चौकट सांगितली जाते आणि कव्वालीला मुसलमान पाहुणी म्हणून बाहेरच्या खोलीत बसवले जाते. गाणारा दलित आणि चाल मुसलमान असली, की रसिकतेचा पारा इतका खाली का येतो? याचे उत्तर आम्हांला माहीत आहे. सदाशिव पेठेलाही माहीत आहे.

'रिक्षातली गाणी' असे एक नाव या कॅसेटींना दिले गेले आहे. आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने महाराष्ट्र हलवला तेव्हा तर अभिरुचीच्या नावाने गळे काढले गेले. सगळेच थोर होते असे आम्हीही म्हणत नाही. आमच्या फळीवर रद्दी पुष्कळ होती. दुय्यम गायकांनी गायलेली नकली फिल्मी गाणी, दर तीन महिन्यांनी त्याच चालीवर निघणारी भक्तिगीते, दर्ग्याबाहेर विकली जाणारी बेसूर मन्कबत. पण रद्दी भावगीतांतही आहे, आणि तिला कोणी 'बंगल्यातली गाणी' म्हणत नाही.

अभंगवाणीकडे येऊ. आमच्या घरात भीमसेन जोशींची कॅसेट वाजते म्हणून आमचे कौतुक करणारे भेटतात. 'अरे वा, तुम्ही अभंग ऐकता!' या 'अरे वा'चा आम्हांला फार राग येतो. कारण भीमसेन जोशींची गोष्ट हीच मुळी एका रेकॉर्डने घडलेल्या कानाची गोष्ट आहे. गदगच्या बाजारात एका दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड त्या मुलाने ऐकली. एका बाजूला बसंतातली चीज, दुसऱ्या बाजूला झिंझोटीतली ठुमरी. असे गाता आले पाहिजे, एवढेच डोक्यात घेऊन तो १९३३ साली, अकराव्या वर्षी, घरातून पळाला. पुढे तो ज्यांच्याकडे शिकला ते सवाई गंधर्व हे करीम खाँचेच शिष्य. खाँसाहेब कैराण्याचे, पण राहिले आणि मातीत मिळाले ते मिरजेच्या. त्यांच्या आणि ताराबाई माने यांच्या मुली म्हणजे हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. मिरजेला ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात उर्साला आजही शास्त्रीय गायकवादक हजेरी लावतात, ती खाँसाहेबांच्या नावाने.

तेव्हा राम फाटकांनी किंवा श्रीनिवास खळ्यांनी बांधलेला अभंग भीमसेनांच्या गळ्यातून आमच्या घरात आला, तो कोणाकडून कोणाकडे आला? तुकोबा देहूचे, स्वर किराण्याचा, आणि ऐकणारी गंगाखेडच्या मोमीनपुऱ्यातली एक बाई. जनाबाई याच गंगाखेडची. दळताना ओव्या म्हणण्याची रीत जशी तिच्या नावाशी जोडलेली, तशीच दखनीतल्या चक्कीनाम्यांचीही रीत होती. सूफींच्या मुरीद बायका जात्यावर त्या ओळी म्हणत आल्या. जाते एकच होते. यात कौतुक करण्यासारखे काही नाही; ज्याची वस्तू त्याच्या घरी असावी, इतकी ही साधी बाब आहे.

मराठी रसिकाला मुसलमान गवई हवा असतो, पण नाटकात. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातल्या खाँसाहेबांना वसंतराव देशपांड्यांनी अजरामर केले, आणि खाँसाहेबांच्या दुखावलेल्या अभिमानावर मराठी प्रेक्षकाने मनापासून टाळ्या वाजवल्या. २०१५च्या चित्रपटात तर कव्वालीही आली आणि मल्टिप्लेक्समध्ये लोक डोलले. आमची तक्रार नाटकाबद्दल नाही, चित्रपटाबद्दलही नाही. पण त्या टाळ्या वाजवून घरी परतणाऱ्याला पुण्यात भाड्याने घर मागायला आलेला खराखुरा खाँसाहेब भेटतो, तेव्हा तो डोलत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

गझलेबद्दल आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यावर आम्हांला नेहमीच लिहायला सांगितले जाते. १९८८ साली दूरदर्शनवर गुलजारांची 'मिर्झा गालिब' मालिका आली आणि जगजित-चित्रांच्या त्या कॅसेटी परभणीत मुसलमानांपेक्षा जास्त वकील, मास्तर आणि कृषी विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या घरी गेल्या असतील. मराठवाड्यातल्या त्या पिढीने निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेली होती. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी उर्दू कवितेवर मराठीत लिहीत आले, ते काही कोणावर उपकार म्हणून नव्हे. उलट मराठी गझल सुरेश भटांच्या मागून आम्हीही लिहिली. इलाही जमादारांच्या गझला भीमराव पांचाळ्यांनी गावोगाव नेल्या. २०२१मध्ये इलाही गेले, तेव्हा त्यांना निरोप देताना कोणी 'मुसलमान असूनही मराठीत' असे म्हटले नसते, तर बरे झाले असते.

आता घरचे भांडण.

आमच्या लहानपणी उर्साच्या दिवसांत परभणीचा चेहरा बदलायचा. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उर्स २ फेब्रुवारीला सुरू होतो. जिल्ह्यातून, बाहेरून, सर्व जातिधर्मांची माणसे येतात. पाळणे, मिठाईची दुकाने, आणि रात्री कव्वाली. कॅसेटवर ऐकलेला आवाज माणसाच्या तोंडातून निघताना आम्ही पहिल्यांदा पाहिला तो तिथे. उर्स आजही भरतो. पण मधल्या काळात घराघरांतून एक नवे शहाणपण शिरले. कव्वाली बिदअत, गझल बेहयाई, ढोलक हराम. काही घरांत कॅसेटी जाळल्या गेल्या. काही घरांत अधिक हिशेबी माणसे होती. त्यांनी कॅसेटीची खाच चिकटपट्टीने बुजवली आणि शकीलाबानोंच्या आवाजावर बयान भरून घेतले. अशी एक कॅसेट आमच्यापैकी एकाकडे आहे. बयान मध्येच थांबते, तिथे चार सेकंद ढोलक ऐकू येते. मग पुन्हा बयान.

ज्याला संगीत निषिद्ध वाटते त्याने ते ऐकू नये. उलेमांमध्ये या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ते हजार वर्षांचे आहेत. आमच्यासारख्यांनी ते मिटवण्याचा आव आणू नये. पण मतभेद आहेत, हे तरी सांगा! पोरांना तुम्ही असे सांगता, की जणू सगळ्यांचे एकच मत आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, अटी घातल्या आणि त्या अटींसह समाअ मान्य केला. निजामुद्दीन औलियांना गियासुद्दीन तुघलकाच्या काळात दिल्लीला उलेमांच्या सभेपुढे याच कारणासाठी उभे राहावे लागले, आणि त्यानंतरही त्यांच्या खानकाहीतले गाणे थांबले नाही. त्यांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले. १३३७ साली त्यांचा विसाल झाला, आणि त्यांची मजार आमच्या मराठवाड्यातच, खुलताबादला आहे. समाअची त्यांना एवढी ओढ, की त्यांच्या मुरीदांची झुलण्याची रीतही वेगळी ओळखली जायची. मराठवाड्यात इस्लाम ज्या बुजुर्गांच्या पावलांनी आला, त्यांच्या कानात गाणे होते. गाणे नंतर शिरलेले नाही. गाण्याची बंदी मागून आलेली आहे.

या बंदीचा मार कोणाला जास्त बसतो? पुरुष काय, तो बाहेर जाऊन ऐकतो, मोबाईलवर ऐकतो, शेतात ऐकतो. मार बसतो मुलींना. खरे सांगायचे तर बयानवाले येण्याआधीही आमच्या घरांनी मुलींच्या बाबतीत काही मोठे दिवे लावले नव्हते. शकीलाबानोंची कॅसेट शोकेसमध्ये आणि घरातल्या मुलीने शाळेच्या स्नेहसंमेलनात गायचे म्हटले की आकांत. शकीलाबानो आणि रशिदा खातून यांनी हजारो पुरुषांपुढे उभे राहून सवालाला जवाब दिला. त्यांचा आवाज आम्ही विकत घेतला, आणि त्यांच्यासारखे होण्याची परवानगी एकाही मुलीला दिली नाही. जिंतूरच्या एका मराठी शाळेत चौथीपासून दहावीपर्यंत प्रार्थना सांगणारी आमच्यातल्या एकाची मामेबहीण होती. गळा असा, की मुख्याध्यापक वर्गाबाहेर येऊन उभे राहायचे. दहावी झाली, निकाह झाला, गाणे संपले. पुढे तिच्या मुलीनेही वर्गात हात वर करणे सोडले, कारण तिला एका बाजूने 'ये अपना काम नहीं' असे सांगितले गेले, आणि दुसऱ्या बाजूने वर्गातल्या पोरींनी विचारले, "तुमच्यात गाणं चालतं?" दोन्हीकडून एकच दार बंद झाले.

आणि वाटणीचे पीक कसे येते ते पाहायचे असेल, तर मिरवणूक पाहा. कोणतीही. गेल्या काही वर्षांत गावोगाव डीजेच्या भिंती आल्या. त्यावर वाजणारी काही गाणी ऐकण्यासाठी केलेलीच नसतात. ती दुसऱ्याच्या मोहल्ल्यातून जाताना वाजवण्यासाठी केलेली असतात. इकडे त्यांच्यावर रचलेली, तिकडे आमच्यावर रचलेली. दोन्हींचा ठेका एकच असतो, कारण ती एकाच प्रकारच्या सॉफ्टवेअरवर बनतात. ज्या पोरांच्या आज्ज्या एकच कॅसेट ऐकत होत्या, ती पोरे आता एकमेकांच्या खिडक्यांकडे तोंड करून कर्णे लावतात. 'आपले गाणे' आणि 'त्यांचे गाणे' असे एकदा ठरले, की गाण्याचे असेच होते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात, पण जोर देऊन असे आहे. परिसंवाद भरवणाऱ्यांनी आमच्याकडून 'तुमच्याकडचं' मागणे बंद करावे. आम्ही भीमसेनांवर लिहू, वामनदादांवर लिहू, वारसींवरही लिहू, आणि तिन्ही वेळा मराठी श्रोता म्हणून लिहू. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मराठी कव्वालीचे प्रकरण लिहावे. ते लिहिता येत नसेल तर ग्रंथाच्या नावातून 'महाराष्ट्र' हा शब्द काढावा. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी मुलींना स्नेहसंमेलनात गाऊ द्यावे. तेवढ्याने दीन बुडत नाही. आणि उर्साच्या इंतजामिया कमिटीने पाळणे-दुकानांच्या लिलावात जेवढा वेळ जातो, त्यातला एक तास या कामाला द्यावा. मंडपात एक टेबल टाकावे, त्यावर चालू स्थितीतला एक टेप आणि एक संगणक ठेवावा. परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या घरांत अजून पोत्यांत, ट्रंकांत, माळ्यांवर कॅसेटी पडलेल्या आहेत. दुकानांच्या कॅसेटी नव्हेत. त्या यूट्यूबवर मिळतात. उर्साच्या रात्री कोणीतरी मंडपात टेप धरून भरलेल्या, लग्नातल्या ढोलकगीतांच्या, आजीने जात्यावर म्हटलेल्या, भीमजयंतीच्या मुकाबल्याच्या. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. त्यांना बुरशी लागते, चुंबकीय लेप झडतो, आणि भंगारवाला त्या वजनावर घेतो.

ज्यांच्याकडे अशा असतील त्यांनी त्या उन्हात ठेवू नयेत आणि घाईने लावूनही पाहू नयेत. आधी पेन्सिल घालून रीळ हाताने एकदा पुढे, एकदा मागे फिरवावे. टेपचे हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यावे. रीळ तुटले असले तरी फेकू नये. दोन्ही टोके ब्लेडने तिरपी कापून मागच्या बाजूने बारीक चिकटपट्टी लावली, की जोड बसतो. जोडाच्या जागी एखादा शब्द जातो, बाकीचे सगळे ऐकू येते.